दर उतरला, हाव

घाईत असले की माझ्या तोंडून "हाव", म्हणजे हो, निघतं. समोरच्यानं काय विचारलं ते कानात पुरतं शिरायच्या आधीच निघतं. आमच्या ह्यांनी या एका शब्दावरून उभा जन्म माझी थट्टा केलीय. एकदा मी सकाळी बँकेत निघायच्या गडबडीत असताना त्यांनी मुद्दाम विचारलं, वरणात साखर टाकू का, मी म्हणाले हाव, आणि त्यांनी टाकली. दोघांनी ते वरण मुकाट्यानं खाल्लं. मराठीचे मास्तर होते ते. शाळा सुटली तरी माणसाला शब्दात पकडायची खोड काही सुटली नाही.

हे वरणापुरतं होतं तोवर ठीक होतं. पण दोनेक वर्षांपूर्वी याच "हाव"नं मला असं कोंडीत धरलं, की आठ दिवस घास गोड लागला नाही.

मी बँकेतली. कंधारच्या शाखेत लागले, नांदेडात निवृत्त झाले. घरी बसून करायचं काय? मला बोलल्याशिवाय राहवत नाही, आणि ह्यांच्याशी बोलायचं म्हणजे व्याकरण सांभाळावं लागतं. तेवढ्यात ओळखीच्या एका मॅनेजरनं सुचवलं, की बचत गटातल्या बायांना पैशाच्या चार गोष्टी समजावून सांगायला माणसं हवी आहेत, तुम्ही जाल का. मानधन म्हणजे चहापाणी सुटावं एवढंच. मी लगेच हाव म्हणाले. एसटीत बायांना अर्धं तिकीट झालेलंच होतं, मग काय, पिशवीत तक्ते घातले आणि नांदेड नाही, लातूर नाही, कुठंही जायला लागले.

बोलायचे विषय ठरलेले. बचत कशी करावी, विमा म्हणजे काय, कर्जाचं व्याज कसं मोजतात, आणि शेवटी महागाई. महागाई हा माझा लाडका विषय. त्यासाठी मी स्वतः हातानं एक तक्ता काढला होता, पांढऱ्या कापडावर लाल रेघ, आधी वर चढत गेलेली आणि मग खाली आलेली. रिझर्व्ह बँक व्याज का वाढवते, सरकार धान्य परदेशी पाठवायला कधी मनाई करतं, त्यानं बाजारावर काय होतं, हे सगळं मी त्या एका रेघेवर बोट फिरवत सांगायची. अर्धा तास सहज जायचा. बाया ऐकायच्या, माना हलवायच्या. मला वाटायचं, समजतंय.

शिरूर अनंतपाळजवळच्या एका गावात महादेवाच्या देवळापुढच्या मंडपात कार्यक्रम होता. गट अकरा बायांचा. कडक भाकरी करायच्या त्या. ज्वारीची पातळ भाकरी थापून, भाजून, निखाऱ्याशी उभी करून अशी वाळवायची, की पापडासारखी मोडते आणि महिनाभर टिकते. आतापर्यंत गावातल्या गावात, जत्रेत, पाहुण्यारावळ्यांत विकत होत्या. आता लातूरच्या एका मुलींच्या वसतिगृहानं वर्षभराची मागणी घालायचं बोलणं लावलं होतं. हे मला गटाच्या अध्यक्षबाईनं चहा देताना सांगितलंही होतं. मी छान छान म्हणाले आणि घड्याळ बघितलं. कारण पाचची लातूर बस चुकली, की पुढं नांदेडला पोचायचे वांधे.

कार्यक्रम उशिरा सुरू झाला. माइक घरघर करत होता, त्यात एकाचं भजन आधी झालं. माझं डोकं तापायला तेवढं पुरतं. मी विमा गुंडाळला, व्याज गुंडाळलं आणि थेट महागाईवर आले. लाल रेघेवर बोट फिरवून सांगितलं, की आता महागाईचा दर उतरला आहे, तुम्ही बातम्यांत ऐकलं असेलच. तेवढ्यात सगळ्यात मागं खांबाला टेकून बसलेली एक बाई, माझ्याच वयाची असेल, कंडक्टरला थांबवावं तसा हात वर करून म्हणाली, "मंजी मॅडम, दर उतरले म्हणा की?"

पावणेपाच झाले होते. मी तक्त्याची घडी घालत म्हणाले, "हाव, उतरला दर."

बाईनं सावकाश मान हलवली. मी पिशवी उचलली, पळत पळत फाट्यावर आले आणि बस मिळाली. खिडकीची जागाही मिळाली. कार्यक्रम चांगला झाला या आनंदात मी घरी पोचले आणि झोपले.

त्यानंतर महिना-दीड महिना गेला असेल. हे बाजारातून तेलाचा डबा घेऊन आले, तो ओट्यावर दाणकन ठेवला आणि म्हणाले, की दर उतरलाय म्हणून गावोगाव सांगत फिरणाऱ्या बाई, हे तेल का चढलं ते जरा आम्हाला पण शिकवा. मी चिडले. म्हटलं, तुम्ही शिकलेले ना, एवढंही कळत नाही का? बस चढावर लागली आणि तिचा वेग कमी झाला, म्हणजे ती मागं येते का? वरच जाते, फक्त हळू जाते. महागाईचा दर उतरला म्हणजे भाव वाढायचे थांबले नाहीत, वाढायचा वेग कमी झाला. तेल चढणारच. आधी धावत चढत होतं, आता चालत चढतंय.

ते ऐकून घेतलं त्यांनी. मग चष्मा पुसत म्हणाले, "मग उतरला कशाला म्हणतेस? मराठीत दर म्हणजे भाव. तू दर उतरला म्हणालीस, तर ऐकणारी बाई पिशवी घेऊन बाजारात जाईल."

मी उलट बोलायला तोंड उघडलं, तोच खांबाला टेकलेली बाई डोळ्यांपुढं आली. दर उतरले म्हणा की? हाव. तिनं भाव विचारला होता आणि मी हाव म्हणाले होते. आणि त्याच बायांचं वर्षभराच्या मागणीचं बोलणं चालू होतं.

माय गं! तसाच फोन लावला अध्यक्षबाईला. पलीकडं मोठा गलका होता, पण ती खुशीत होती. म्हणाली, की मॅडम, तुमचं भाषण झालं आणि चारच दिवसांत करार झाला बघा. वर्षभर दर एकच. चढ नाही, उतार नाही, लिहून घेतलंय. मी घाबरत विचारलं, ज्वारी काय म्हणते तिकडं? तर म्हणाली, चढून राहिली की मॅडम, लई चढून राहिली, आणि हसली. पुढं काही विचारावं तर रेंज गेली. पुन्हा लावायचा मला धीर झाला नाही.

हसली का ती? मला रात्रंदिवस तेच. वर्षभर एकच दर बांधून दिलाय आणि ज्वारी चढतेय, याचा अर्थ काय होतो हे या बायांना कळलेलंच नाही, असं मी धरून चालले. आज दोन पैसे सुटत असतील, दिवाळीपर्यंत पदरचे घालून भाकऱ्या थापाव्या लागतील. मागं सरावं तर मागणी हातची जाणार, आणि गावात हसं होणार ते वेगळंच. गटानं साठवलेल्या पैशातून पत्र्याचं शेड मारून घेतलं होतं, मोठे तवे आणले होते. एकीच्या मुलीला लातूरला नर्सिंगला घालायचं या मागणीवर ठरलं होतं, तेही मला चहा पिताना सांगितलं होतं. अकरा घरांची वर्षभराची मेहनत माझ्या एका शब्दावर बसली होती, आणि तो शब्द मी बस पकडायच्या नादात बोलले होते.

खरं सांगते, जायला लाज वाटत होती. आज जाते, उद्या जाते करत आठ दिवस काढले. मनात नाही नाही ते हिशेब. वसतिगृहवाल्याच्या हातापाया पडावं, करार बदलून मागावा. नाहीच ऐकलं तर माझ्या पेन्शनीतून काही तरी भर घालावी. ह्यांना सांगितलं. एरवी चिमटा काढल्याशिवाय राहणार नाहीत, पण दुसऱ्या दिवशी सकाळी उठून माझा डबा भरला, पिशवी दाराशी आणून ठेवली आणि म्हणाले, की जाऊन चूक कबूल कर, मोकळी हो. साखरेचं वरणसुद्धा आपण खाल्लंच होतं की.

नांदेड ते लातूर, लातूर ते शिरूर अनंतपाळ. सगळी वाट मी काय बोलायचं ते मनात घोकत होते. बँकेच्या परीक्षेलाही एवढं घोकलं नव्हतं. फाट्यावर उतरले तर ऊन मी म्हणत होतं. गावात शिरल्या शिरल्या ज्वारी भाजल्याचा वास आला. देवळामागंच शेड होतं. आत चुलींची रांग, भाकऱ्या उभ्या करून ठेवलेल्या, आणि बाया हाताखालच्या पिठाशी भांडत असल्यासारख्या थापत होत्या. मला बघून अध्यक्षबाई लगबगीनं उठली, पाणी दिलं, बसा म्हणाली. मी बसले नाही. बसले असते तर बोलणं झालं नसतं.

उभ्या उभ्या सांगितलं सगळं. मी त्या दिवशी चुकीचं बोलले. महागाईचा दर म्हणजे भाव नव्हे, वाढायचा वेग. भाव उतरले नव्हते आणि उतरणार असंही कोणी म्हटलं नव्हतं. माझ्या बोलण्यावर तुम्ही वर्षभराचा दर बांधलात, त्यात तुमचं नुकसान आहे, आणि ते माझ्यामुळं आहे. मी स्वतः लातूरला जाऊन वसतिगृहवाल्यांशी बोलते. इतकी वर्षं काउंटरच्या मागून लोकांवर डाफरत आले, आज पहिल्यांदा काउंटरच्या पुढं उभी होते.

थापणं थांबलं. बाया एकमेकींकडं बघायला लागल्या. मग शेवटच्या चुलीवरून ती उठली, खांबाला टेकलेली. हाताचं पीठ परातीत झटकलं, पदरानं कपाळ पुसलं आणि माझ्यासमोर येऊन म्हणाली, "मॅडम, तुमचा हाव आमी धरलाच न्हाई."

मला काही समजेना. ती म्हणाली, "तुमी घड्याळाकडं बघून हाव म्हणलाव. माणसाकडं बघून म्हणलं असतं तर धरला असता."

कोणी तरी फस्सकन हसलं. अध्यक्षबाईनं मग मला धरून एका पोत्यावर बसवलं आणि झालेलं सांगितलं. माझी बस गेली त्याच संध्याकाळी ही बाई दुकानातून तेलाची पुडी घेऊन आली होती. किंमत तीच, उलट पुडी हाताला हलकी लागली. ती पुडी तिनं मंडपात सगळ्यांच्या हातातून फिरवली होती. मॅडम वाईट नाहीत, मॅडमला घाई आहे, असं तिनंच सांगितलं म्हणे. आणि चार दिवसांनी वसतिगृहाचा माणूस करार करायला आला, भाकरीला इतके रुपये, वर्षभर तेच, असं म्हणाला, तेव्हा हीच बाई मागून बोलली होती. रुपयानं नको, ज्वारीनं ठरवा.

ठरलं ते असं. एक पोतं ज्वारीच्या भाकऱ्या करून दिल्या, की दोन पोत्यांचे पैसे घ्यायचे. भाव कोणता? ज्या दिवशी माल न्यायचा, त्या दिवशी लातूरच्या मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, ज्वारी ज्या भावानं विकली जाते तो. एक पोतं पिठात गेलं, दुसऱ्यात जळण, मीठ आणि आपली मजुरी. वर्षभर दर एकच, एका पोत्याला दोन.

एकच दर! फोनवर तिनं सांगितलं होतं ते हेच. आणि दर या शब्दाला दोन अर्थ आहेत हे नवऱ्याकडून शिकून आलेली मी, पुन्हा त्याच शब्दात अडकून आठ दिवस तळमळत होते. ज्वारी चढतेय म्हणताना ती हसली होती, कारण ज्वारी चढली की त्यांचे पैसेही चढत होते.

मी त्या पोत्यावर बसून हसायला लागले आणि हसता हसता डोळ्यांतून पाणी यायला लागलं. थांबेचना. छातीवरचा दगड उतरला, असं लोक म्हणतात ते उगीच नाही. आठ दिवसांत पहिल्यांदा मला सडकून भूक लागली. एकीनं कडक भाकरीचा तुकडा मोडून त्यावर शेंगदाण्याची चटणी आणि तेल घालून दिलं. त्या चवीचं काय सांगू!

पण माझ्यातली बँकवाली कुठं गप्प बसते. खाता खाता मी विचारलंच, की उद्या ज्वारी उतरली तर? मग तुमचे पैसेही उतरतील की. बाई परत चुलीपाशी गेली होती. तवा फिरवत म्हणाली, "उतरू द्या की. मग आमचं बी पोट स्वस्तात भरतंय."

मी तिच्याशेजारी जाऊन बसले. विचारलं, हे तुम्हाला कोणी शिकवलं? कोणी शिकवलं नाही, म्हणाली. तिचा नवरा जन्मभर दुसऱ्याच्या शेतात सालगडी. पाडव्याला साल ठरायचं. वर्षभर राबायचं त्याचे इतके रुपये नगद आणि वर इतकी पोती ज्वारी. एका वर्षी मालक म्हणाला, पोत्यांची झंझट कशाला, सगळं नगदच घे, चार पैसे जास्त देतो. नवरा भुलला. पाडव्याला ते पैसे भरपूर वाटले. दसऱ्यापर्यंत ज्वारीनं अशी उडी मारली, की त्याच पैशात ठरलेल्या पोत्यांच्या निम्मी पोती येईनात. त्या वर्षी घरात भाकरी मोजून व्हायची, आणि मोजायचं काम हिच्याकडं. बाईनं हे सांगताना हात थांबवला नाही. एवढंच म्हणाली, की नगद पातळ होतं मॅडम, ज्वारी ज्वारीच राहती. पुढच्या पाडव्याला नवऱ्याच्या सालाला तीच उभी राहिली आणि पोती परत मागून घेतली.

मला माझा पगार आठवला. नोकरीत लागले तेव्हापासून माझ्या पगारात एक ओळ होती, महागाई भत्ता. भाव चढले की तो चढायचा. आता पेन्शनीतही आहे. तो वाढला की आम्ही बँकेत पेढे वाटायचो, आणि चार महिने उशीर झाला तर दारात घोषणा द्यायचो. त्याच्या जोरावर मला उभ्या आयुष्यात भाकरी मोजावी लागली नाही. माझ्या पगारालाही कोणी तरी ज्वारी लावून ठेवली होती आणि मला ते कधी कळलंच नव्हतं. आणि मी गावोगाव कापडावरची लाल रेघ दाखवत फिरत होते. ज्यांच्या मजुरीला असा भत्ता नाही त्यांनी काय करायचं, याचं उत्तर माझ्या तक्त्यावर नव्हतंच. ते या बाईजवळ होतं.

मला लाज वाटली, पण ती आठ दिवसांची जाळणारी लाज नव्हती. ही बरी होती, हलकी. मी तिला तसं सांगून टाकलं. म्हटलं, बाई, पुढच्या महिन्यात औशाजवळ एका गावात असाच कार्यक्रम आहे. महागाईवर तुम्ही बोला, मी मागं खांबाला टेकून बसते. ती म्हणाली, मला काय बोलता येतंय. म्हटलं, हे आता बोललात तेवढंच बोला. ती लाजली, तोंडावर पदर धरला, बाकीच्या बाया तिला चिडवायला लागल्या, की आता आमची मॅडम झाली, आता हिला खुर्ची द्या.

गंमत म्हणजे औशाला ती खरंच आली. पण ते पुढचं.

त्या दिवशी शेडात बसल्या बसल्या साडेचार वाजले, पावणेपाच झाले. अध्यक्षबाई म्हणाली, मॅडम, निघा, पाचची जाईल. मी पिशवी ओढून घेतली. तेवढ्यात चुलीपासून त्या बाईनं विचारलं, पावशेर पीठ उरलंय, एक ताजी मऊ भाकरी टाकून देऊ का, पर वेळ लागंल.

मी घड्याळ काढलं आणि पिशवीत टाकलं. तिच्याकडं नीट बघितलं, तिनं काय विचारलं ते पुरतं कानात शिरू दिलं, आणि मग म्हणाले, "हाव."

लांबून फाट्यावर बसचा हॉर्न ऐकू आला. कोणीच उठलं नाही. बाईनं परातीत पाणी घेतलं आणि पीठ मळायला बसली.